मिन आणि मॅक्सच्या मध्ये

जमिनीवर कुठेही ओला डाग दिसला की कर्णिककाका उकिडवे बसत. मग ती आमच्या ब्लॉकच्या लिफ्टसमोरची जागा असो, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमागची गल्ली असो, नाहीतर एखाद्या मॉलचं चकचकीत तळघर असो. उजव्या हाताचं बोट डागात बुडवायचं, अंगठ्यावर चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटायचे. मग हळूहळू चेहरा सैल व्हायचा. "पाणी आहे. एसीचं," असं ते स्वतःलाच सांगत आणि गुडघ्यावर हात टेकून उठत. सिंगापूरमध्ये उभ्या गाडीखाली एसीचं पाणी साचलेलं नाही असा दिवस जात नाही, तेव्हा काकांच्या उठाबशांना भरपूर वाव होता. माझी मुलगी ईरा अशा वेळी चार पावलं लांब जाऊन भलतीकडेच बघत उभी राहायची. आपला या माणसाशी काही संबंध नाही, असं तिला जगाला दाखवायचं असे.

"अंकल इज सो कियासी, ला!" ती एकदा घरी येऊन म्हणाली. कियासी म्हणजे मरणाला भिणारा. इथल्या शाळांत हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. मी तो हसत हसत काकांच्या कानावर घातला, तर ते चिडायचे सोडून खूशच झाले.

"पोरगी हुशार आहे तुमची. बरोबर ओळखलं तिनं," ते म्हणाले. "फक्त एक दुरुस्ती. मी स्वतःच्या मरणाला भीत नाही."

मग कोणाच्या, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण नीलाकाकू शेजारीच उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे बघून खो खो हसत होत्या.

आम्ही बुकित बातोकला राहायला आलो तेव्हा कर्णिक त्याच ब्लॉकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर जुने रहिवासी होते. काका जहाजांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर होते. उंच, जरासे वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक मार्कर पेन. बायको सोडून लहानथोर सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत, ईरालासुद्धा. काकू त्यांच्या अगदी उलट. चिपळूणच्या, ठसठशीत, कशालाही न बिचकणाऱ्या आणि हसायला लागल्या की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येणाऱ्या. त्यांचं हसू दणक्यात सुरू व्हायचं आणि शेवटी एक छोटासा खोकला येऊन संपायचं. त्या हसण्याचं वर्णन मी उगाच करत नाहीये.

आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. माझा नवरा मंदार तिच्याकडे नवरीकडे बघावं तसं बघायचा. इथे गाडी घेणं म्हणजे घर घेतल्यासारखंच, त्यातून नवीन गाडीची आमची ऐपत नव्हती. पहिल्याच रविवारी सकाळी आम्ही कार पार्कच्या वरच्या मजल्यावर गेलो, तर काका अर्ध्या चड्डीत, गळ्यात टॉर्च अडकवून, स्वतःच्या गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर उभे होते. ओळखपाळख झाली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"बॉनेट उघडून बघितलंत का?"

"नाही हो. ते सगळं वर्कशॉप बघतं," मंदार ऐटीत म्हणाला.

काकांचा चेहरा खरोखर पांढरा पडला. "वर्कशॉप तुमच्याबरोबर गाडीत बसतं का?"

मग त्यांनी आम्हाला जाऊच दिलं नाही. जुन्या बनियनचे कापून ठेवलेले चौकोन त्यांच्या पिशवीत होते, त्यातला एक माझ्या हातात दिला. ऑइल मोजायची कांडी उपसायला लावली. मी ती वाचायला गेले तर म्हणाले, "नाही नाही, पहिल्यांदा काढलेली कांडी खोटं बोलते. पुसा. परत घाला पूर्ण. आता काढा. आता बोलेल ती खरं." ऑइल ठीक होतं. मग त्यांनी टॉर्च फिरवला आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या धुरकट डब्यावर रोखला. आत लालसर द्रव होता, पण तो खालच्या रेघेच्याही खाली गेला होता. मंदार म्हणाला, "मग घालू की थोडं."

"घालू. पण भरायचं नंतर. आधी विचारायचं, गेलं कुठे?"

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. गाडीतलं पाणी, तेल, ब्रेकचा द्रव, काहीही कमी झालेलं दिसलं की ते आधी बाटली उचलत नसत, आधी विचारत, "गेलं कुठे?" बंद डब्यातली वस्तू आपोआप नाहीशी होत नाही. ती कुठेतरी गेलेली असते, आणि जिथे जायला नको तिथेच गेलेली असते. त्या दिवशी ते आमच्या गाडीखाली पाठीवर झोपले आणि एक झिजलेली नळी शोधूनच बाहेर आले. नळी बदलायला त्यांनी वर्कशॉपलाच पाठवलं. कार पार्कमध्ये दुरुस्ती करायची नाही, हा नियम ते कसोशीने पाळत. "मी दुरुस्ती करत नाही, फक्त बघतो," असं ते पहारेकऱ्यालाही सांगत, तो विचारत नसला तरी.

तेव्हापासून रविवारची सकाळ म्हणजे काकांचा वर्ग, असं ठरूनच गेलं. इंजिन थंड असताना जायचं. एकेक झाकण, एकेक रेघ. प्रत्येक डब्यावर दोन रेघा असतात, खाली मिन आणि वर मॅक्स. काका त्या रेघांकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तींकडे बघावं तसं बघत. "भीतीचंही असंच आहे, अश्विनी," एकदा ते मला म्हणाले. "ती या दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. मिनच्या खाली गेली की इंजिन जळतं. मॅक्सच्या वर गेली की सांडते आणि सगळं घाण करते."

"आणि तुमची कुठे आहे?" मी विचारलं.

"माझी मॅक्सला टेकलेली आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण वर नाही."

गाडीवरच्या रेघा त्यांना पुरत नसत म्हणून ते घरातही रेघा मारत. तेलाच्या बाटलीवर, शाम्पूवर, लोणच्याच्या बरणीवर, औषधाच्या बाटलीवर मार्करने रेघ. काल इथपर्यंत होतं, आज इथपर्यंत आहे. "एखाद्या दिवशी माझ्या कपाळावर मारतील," असं म्हणून काकू हसत, आणि मग तो शेवटचा खोकला.

ती भीती कुठून आली, हे मला काकूंनीच सांगितलं, तेही एखादा गमतीचा किस्सा सांगावा तसं. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. काका आपल्या मामांची फियाट मागून घेऊन, नव्या बायकोला बसवून, कराडहून चिपळूणला निघाले होते. निघताना गाडीखाली ओला डाग दिसला. कोणीतरी सकाळी गाडी धुतली असेल, असं म्हणून ते आत बसले. कुंभार्ली घाटात उतारावर ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला.

"मी आपली गजरा नीट करत होते," काकू म्हणाल्या. "हे काही बोलेचनात. गाडी पळतेय, एका बाजूला दरी, आणि हे पाय नुसते आपटतायत. मग यांनी गाडी डोंगराला घासली. नुसते दगड आणि किंचाळल्यासारखा आवाज. थांबलो ते चरात. मला हसू फुटलं बाई. गजरा माझ्या तोंडावर आला होता."

काका मात्र हसले नाहीत. सासुरवाडीला पोचल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला आणि तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. त्या काळी हे अगदीच अवघड दिसलं. गाडीखालचा डाग पाण्याचा नव्हता, ब्रेकच्या द्रवाचा होता. त्यांनी तो बघितला होता आणि वाकून वास घेतला नव्हता. त्यानंतरची सगळी वर्षं हा माणूस एकाच गोष्टीला भीत जगत होता. आपल्या हलगर्जीपणाने नीला जाईल, बस. बाकी कशाचीच त्यांना पर्वा नव्हती.

त्यांची भीती हास्यास्पद होती असं कोणी म्हटलं, तर मी मलाक्काची गोष्ट सांगते. आम्ही दोन्ही कुटुंबं त्यांच्याच गाडीतून मलेशियात मलाक्काला निघालो होतो. सीमा ओलांडल्यावर प्रत्येक विश्रांतिस्थळावर काका थांबणार, गाडीखाली वाकणार. ईराने तर वैतागून कानात इअरफोन खुपसले. एका ठिकाणी शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं, वाफा निघत होत्या, आणि एक तरुण माणूस हाताला टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होता. काका इतक्या जोरात ओरडले की मी कधी तसा आवाज ऐकला नव्हता.

"हात काढ! अरे हात काढ!"

मराठीत. मलेशियाच्या महामार्गावर. त्या माणसाला भाषा कळली नाही, पण आवाज कळला. त्याने दचकून हात मागे घेतला, आणि त्याच वेळी अर्धवट सैल झालेलं ते झाकण उडालं. उकळत्या पाण्याचा फवारा वरच्या पत्र्यापर्यंत गेला. त्या माणसाची बायको तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो होतो. काका थरथरत परत आले, गाडीत बसले आणि म्हणाले, "नीला, पाणी दे." त्यांच्या हातातली बाटली दातांवर आपटत होती. शूर माणसं थरथरत नाहीत असं मला तोवर वाटायचं.

आता त्या रविवारचं सांगते.

इथल्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालंच तर लपायला म्हणून ती बांधलेली, सगळे तिला शेल्टर म्हणतात आणि सगळे तिच्यात अडगळ भरतात. कर्णिकांच्या शेल्टरमध्ये एका बाजूला काकूंचं कोकण असायचं, म्हणजे कोकम, लोणची, पापड. दुसऱ्या बाजूला काकांची ऑइलं आणि कूलंटचा मोठा डबा. तो जड डबा दर रविवारी खाली न्यायला नको म्हणून काका त्यातलं थोडं एका लहान बाटलीत घेत. बाटलीवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर लाल अक्षरांत 'विष'. त्या सकाळी त्या बाटलीचं झाकण तडकलेलं निघालं. मग त्यांनी काकूंच्या साठ्यातली एक रिकामी बाटली घेतली. रिकामी बाटली टाकायची नाही, धुऊन ठेवायची, हा आपल्याकडच्या प्रत्येक घराचा धर्म. ती अमृत कोकमची होती. काकांनी तिच्यात कूलंट ओतलं, 'विष' लिहिलेली पट्टी लावली, मार्करने रेघ मारली आणि खाली गेले. त्यांची आणि आमची, अशा दोन्ही गाड्या बघून झाल्या, काही घालावं लागलं नाही. वर येऊन त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि तेलकट हात धुवायला बेसिनकडे गेले. तेवढ्यात भारतातून फोन आला. ते फोन घेऊन आतल्या खोलीत गेले, बोलत बसले आणि तिथेच पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागला. काकूंनी ओटा आवरताना कोकमची बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवली. कोकम बाहेर ठेवत नाहीत.

दुपारी मी वर गेले. काकू नुकत्याच बाजारातून आल्या होत्या, उन्हाने लाल झालेल्या. मला बघून म्हणाल्या, "बस गं. आधी गार काहीतरी पिऊ, मग बोलू." दोन ग्लास काढले. बाटलीतलं लाल ओतलं, पाणी, मीठ, जिरेपूड, बर्फ. एक ग्लास माझ्या हातात दिला आणि स्वतःचा उभ्या उभ्याच घटाघट प्यायल्या. तहानच तशी होती.

"या वेळचं कोकम बिघडलंय गं," त्या ओठ पुसत म्हणाल्या. "नुसतं गोड. आंबटपणा नावाला नाही."

माझा घसा बसला होता. बर्फ विरघळेपर्यंत थांबावं म्हणून मी ग्लास तसाच धरून बसले होते. एवढं एकच कारण. आजही तो ग्लास मला हातात जाणवतो, त्याचं गारपण.

आतून काका डोळे चोळत आले. "नीला, माझी बाटली कुठे..." आणि ते थांबले. टेबलावर बाटली होती. पट्टी नव्हती. रेघ होती. लाल द्रव रेघेच्या बराच खाली होता.

"गेलं कुठे?" ते म्हणाले.

मी हे वाक्य शंभरदा ऐकलं होतं. पण या वेळी ते अगदी हळू, लहान मुलासारखं निघालं. त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, वास घेतला, आणि वर बघितलं. "तुम्ही प्यायलात?"

"नाही. अजून नाही."

"नीला?"

"मी संपवलं. का हो? काय झालं?"

काका शूर झाले, शांत झाले, असं काही मी सांगणार नाही. त्यांचे हात इतके कापत होते की फोनवर आकडे दाबता येईनात, शेवटी मी दाबले. पण कापत कापतच त्यांनी सगळं बरोबर केलं. अँब्युलन्स बोलावली. काय प्यायली, किती प्यायली, कधी प्यायली, हे रेघेवर बोट ठेवून सांगितलं. काकू घशात बोटं घालायला निघाल्या, तर फोनवरच्या बाईने नको म्हटल्यावर त्यांचा हात धरून ठेवला. शेल्टरमधून तो मोठा डबा काढून भाजीच्या पिशवीत टाकला, डॉक्टरांना त्यावरचं सगळं वाचायला मिळावं म्हणून. आणि काकू म्हणत होत्या, "अहो, मला काहीही होत नाहीये. ठणठणीत आहे मी. उगाच तमाशा!"

हीच तर भयंकर गोष्ट होती. त्यांना खरोखर काही होत नव्हतं. अँब्युलन्समध्ये त्या मला भेंडीचा भाव सांगत होत्या. मला वाटायला लागलं, काकांची नेहमीची भीती असेल, थोडंसं पोटात गेल्याने काय होतंय. मी काकांकडे बघितलं आणि तो विचार सोडून दिला.

इमर्जन्सीत रक्त घेतलं. तरुण डॉक्टरणीने डबा वाचला आणि ती लगबगीने आत गेली. काकूंना पडद्याआड झोपवलं होतं. आम्ही खुर्च्यांवर बसलो. काका सारखं एकच विचारत होते. "मी पट्टी लावली होती. लावली होती ना? तुम्ही सकाळी बघितलीत ना, अश्विनी?"

मी बघितली होती की नाही, मला आठवत नव्हतं. मी खाली मान घातली, आणि तेव्हा ती मला दिसली. काकांनी पाय जरा उचलला होता. घाईत तशीच घालून आलेल्या घरातल्या चपलेच्या तळाला, धुळीने मळलेली, चिकटपट्टी. सकाळी ओल्या ओट्यावर बाटलीवरून सुटून खाली पडली असणार, आणि तीच तुडवत ते तेव्हापासून हिंडले होते. 'विष' हा शब्द जमिनीकडे तोंड करून.

"काका," मी म्हटलं, "पायाखाली आहे."

त्यांनी चप्पल काढून हातात घेतली. पट्टी हळूच सोलली, तिची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात मार्करशेजारी ठेवली. रडले नाहीत. मला वाटलं, रडले असते तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने पडद्यामागून काकूंचं हसणं ऐकू आलं. नर्सच्या कुठल्याशा बोलण्यावर त्या हसत होत्या, मोठमोठ्याने, लांबच लांब. मला इतकं हायसं वाटलं की मीही हसले. नर्स बाहेर येऊन कौतुकाने म्हणाली, "युअर वाइफ व्हेरी चिअरफुल, ला."

काका ताडकन उठले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर बघू नये.

"दिस इज नॉट हर लाफ," ते म्हणाले. "सिस्टर, प्लीज. कॉल द डॉक्टर. दिस इज नॉट हर लाफ."

मी कान देऊन ऐकलं. हसणं संपत नव्हतं. घरंगळत होतं, मध्येच अडखळत होतं, दारू प्यायल्यासारखं पसरत होतं. शेवटचा तो छोटा खोकला येतच नव्हता. विष बोलायला लागलं होतं. नर्सला कळायचं काही कारण नव्हतं, आणि मलाही कळलं नव्हतं. त्या इमारतीत ते एकाच माणसाला कळलं, कारण तीस वर्षं तो तिची पातळी बघत आला होता.

डॉक्टरणी धावत आली. या विषावर उतारा आहे, तो वेळेत शिरेत गेला पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं जातात आणि मग माणूस जातो, असं तिने काकांना सरळ सांगितलं. अहवालाची वाट न बघता तिने उतारा सुरू केला. तरीही पुढचे काही दिवस रक्त शुद्ध करणारं यंत्र लावावं लागलं. काका त्या दिवसांत लघवीच्या पिशवीवरच्या रेघा बघत बसायचे. मी जेवणाचा डबा घेऊन जायचे तेव्हा ते मला बाकी काही सांगायचे नाहीत, फक्त "काल इथे होतं, आज इथे आहे," आणि बोट दाखवायचे. एके दिवशी ते बोट बरंच वर गेलं आणि मी कॉरिडॉरमध्ये येऊन ढसाढसा रडले.

काकू घरी आल्या. हडकल्या होत्या, पण तशाच बोलत होत्या. काकांची भीती मात्र मॅक्सच्या वर गेली होती. घरातल्या सगळ्या धुऊन ठेवलेल्या बाटल्या त्यांनी कचऱ्याच्या च्यूटमध्ये फेकल्या. रविवारी कार पार्कमध्ये येईनात. त्यांच्या गाडीच्या काचेवर धूळ साचली. मी एकटीच कांडी पुसायचे, परत घालायचे, काढायचे, आणि मागे वळून बघायचे.

एका रविवारी काकूच त्यांना हाताला धरून खाली घेऊन आल्या. काका लांब, खांबाला टेकून, हात मागे बांधून उभे राहिले. काकूंनी स्वतः बॉनेट उचललं आणि टॉर्च मारला.

"मिनच्या वर आहे का?" खांबाजवळून काकांनी विचारलं.

"आहे."

"मॅक्सच्या खाली?"

"आहे हो. वर गेलायत ते तुम्ही," काकू म्हणाल्या आणि हसल्या. दणक्यात. शेवटी खोकला आला. तो ऐकला आणि काकांनी खांबावर डोकं टेकलं.

पण एक सवय त्यांना लागली ती गेली नाही. काकूंपुढे चहा येवो, ताक येवो, साधं पाणी येवो, आधी काका घोट घ्यायचे, डोळे मिटून जरा थांबायचे आणि मगच पेला पुढे करायचे. आमच्याकडे जेवायला आले तरी तेच. त्या थांबण्याला काही अर्थ नव्हता. ते विष लगेच काही दाखवत नाही, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. मंदार एकदा गमतीने काही बोलायला गेला, तर मी त्याला टेबलाखालून पाय मारला. नंतर भांडी आवरताना काकू मला म्हणाल्या, "मी चिडले सुरुवातीला. म्हटलं, अहो, विष असलं तर आधी तुम्ही जाल. तर म्हणतात, हो, म्हणूनच."

इथे गाडी ठरावीक वर्षंच ठेवता येते; काकांच्या गाडीची ती मुदत संपत आली होती, आणि त्यांची नोकरीही. दोघांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. टॅक्सीतून उतरताना खाली ओला डाग होता. काका वाकले, वास घेतला, उठले. ईरा या वेळी लांब गेली नाही. "वॉटर राइट, अंकल?" तिने विचारलं, आणि काका म्हणाले, "पाणीच आहे, बाळ. एसीचं."

ते दोघं आत गेले. आम्ही काचेपलीकडे दिसतील तेवढे बघत उभे राहिलो. तपासणी संपल्यावर काकूंनी पाण्याच्या नळाखाली बाटली धरली. कोरी, पारदर्शक बाटली. ती भरली आणि त्यांनी ती ओठांना लावली नाही. शेजारी काकांपुढे धरली. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. काकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. त्या थांबल्या. आयुष्यभर कशालाही न थांबलेल्या काकू, हातातला पासपोर्ट छातीशी धरून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबल्या. मग काकांनी डोळे उघडले, बाटली त्यांच्या हातात दिली, आणि त्या पाणी प्यायल्या.